वाचकांचे प्रश्न : सात नंबरची इमारत आणि न पटलेला खुलासा

११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले. त्याच दिवशी संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांनी शेजारची ४७ मजली ‘सेव्हन वर्ल्ड ट्रेड सेंटर’ ही इमारतही खाली आली. तिला विमान धडकलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे ‘निस्ट’ने, नोव्हेंबर २००८ मध्ये अंतिम अहवाल दिला : इमारत आगीमुळे पडली, स्फोटकांमुळे नाही. हे पटत नाही म्हणणारी पत्रं या स्तंभाकडे सतत येतात. या अंकात तीच घेतली आहेत. काही पत्रांतली शिवीगाळ वगळली आहे, शंका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत. उत्तरं स्ट्रक्चरल आणि अग्निसुरक्षा अशा दोन्ही बाजूंनी दिली आहेत.

प्रश्न : पोलाद वितळायला १५०० अंश सेल्सिअस लागतात. ऑफिसातल्या टेबल-खुर्च्या आणि कागद जळून एवढी उष्णता होत नाही. मग पोलादी सांगाडा पडलाच कसा? (र. कु., सातारा)

उत्तर : पोलाद वितळलं असं निस्टचा अहवालही म्हणत नाही. बंदिस्त ऑफिसातल्या आगीत हवेचं तापमान १००० अंशांच्या आसपास जाऊ शकतं. ५५० ते ६०० अंशांना पोलादाची ताकद निम्म्यावर येते. पण या इमारतीच्या बाबतीत तीही गोष्ट दुय्यम आहे. निस्टच्या हिशोबात मुख्य कारण आहे प्रसरण, आणि ते ४०० अंशांच्या आतच त्रास द्यायला लागतं. कडक उन्हाळ्यात रेल्वेचे रूळ बाजूला वाकतात तेव्हा ते ६०-६५ अंशांच्या वर गेलेले नसतात. लांबायला जागा मिळाली नाही की पोलाद जागा करून घेतं.

आग सकाळी १० वाजून २८ मिनिटांनी उत्तर मनोरा पडला तेव्हा लागली. त्याचा ढिगारा सुमारे ११० मीटर अंतर पार करून या इमारतीच्या दक्षिण आणि नैऋत्य बाजूवर आदळला. निदान दहा मजल्यांवर आगी लागल्या. त्यातल्या ७ ते ९ आणि ११ ते १३ या मजल्यांवरच्या पेटतच राहिल्या. खालच्या २० मजल्यांच्या स्प्रिंकलरना, म्हणजे आग लागल्यावर छतातून पाणी फवारणाऱ्या तोट्यांना, पाणी थेट शहराच्या जलवाहिनीतून येत होतं आणि ती वाहिनी मनोरे पडताना फुटली. २१व्या मजल्याच्या वर इमारतीच्या स्वतःच्या टाक्यांचं पाणी होतं, पण टिकून राहिलेली आग तिथे नव्हतीच. अग्निरोधक लेप बीमसाठी, म्हणजे मजला पेलणाऱ्या आडव्या तुळयांसाठी, दोन तासांचा आणि खांबांसाठी तीन तासांचा होता. आग लागल्यापासून इमारत पडेपर्यंत पावणेसात तासांहून जास्त वेळ गेला.

इथे टीकाकारांचा एक मुद्दा रास्त आहे : आग सरकत होती, आणि एका जागी ती साधारण २० ते ३० मिनिटंच टिकली, असं निस्टच म्हणते. म्हणजे ‘सात तास आग’ याचा अर्थ प्रत्येक बीम सात तास भाजला असा नाही. निस्टच्या बाजूने वाद घालणारेही हे अनेकदा विसरतात.

प्रश्न : अहवाल नेमकं काय म्हणतो ते सोप्या भाषेत सांगा. वर्तमानपत्रांत फक्त ‘आगीने पडली’ एवढंच येतं. (मी. जो., अकोला)

उत्तर : इमारतीला बाहेरून ५८ आणि आतून २४ खांब होते. आतल्या खांबांपैकी ७९ क्रमांकाचा ईशान्येकडे होता आणि त्याच्याभोवतीचे मोकळे गाळे फार मोठे होते. या खांबापासून उत्तरेच्या भिंतीतल्या ४४ क्रमांकाच्या खांबापर्यंत एक गर्डर, म्हणजे बीमांचा भार घेणारी मोठी तुळई, जात होता. पूर्वेच्या भिंतीकडून सुमारे १६ मीटर लांबीचे बीम येऊन त्या गर्डरला मिळत होते, आणि ते त्या एकाच बाजूने येत होते. समोरून दाबून धरणारं काही नव्हतं.

बीम तापले, लांबले आणि त्यांनी गर्डरला पश्चिमेकडे ढकललं. गर्डरचं टोक ७९ क्रमांकाच्या खांबावरच्या पोलादी बैठकीवर टेकलेलं होतं. ते तिथून सरकून खाली पडलं आणि १३व्या मजल्याचा तो भाग गेला. त्या भाराने खालचे मजले एकामागून एक गेले, ते थेट पाचव्यापर्यंत. आता ७९ क्रमांकाच्या खांबाला नऊ मजल्यांच्या उंचीत बाजूचा आधारच उरला नाही आणि तो बकल झाला, म्हणजे बाजूला वाकून दुमडला. पाठोपाठ ८० आणि ८१ गेले. गच्चीवरचं पूर्वेचं पेंटहाऊस (गच्चीवर बांधलेला भाग) आत बुडालं ते याच वेळी. मग पडझड पश्चिमेकडे सरकली आणि आतले उरलेले खांब गेले. शेवटी बाहेरचे खांब ७व्या ते १४व्या मजल्यांच्या दरम्यान दुमडले आणि व्हिडिओत आपण पाहतो ती भिंत एकसंध खाली आली.

पेंटहाऊस बुडायला लागल्यापासून भिंत सुटेपर्यंत सुमारे सात सेकंद गेले. नेटवर फिरणाऱ्या बऱ्याच क्लिपमध्ये हे सात सेकंद कापलेले असतात. तुमच्याकडची क्लिप पेंटहाऊस जागेवर असताना सुरू होते का, ते आधी पाहा.

प्रश्न : मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. इमारत सव्वादोन सेकंद मुक्तपतनाने पडली हे सरकारनेच मान्य केलं आहे. मुक्तपतन म्हणजे खालून शून्य विरोध. ८० खांबांचा विरोध शून्य कसा झाला? (अ. भा., पुणे)

उत्तर : सगळ्या शंकांत ही वजनदार आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ऑगस्ट २००८ च्या मसुद्यात निस्टने फक्त सरासरी दिली होती : छतापासून खालचे १८ मजले, म्हणजे सुमारे ७४ मीटर, दिसेनासे व्हायला ५.४ सेकंद लागले. मुक्तपतनाला ३.९ लागले असते, म्हणून ४० टक्के जास्त. डेव्हिड चँडलर या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने जाहीर चर्चेत हरकत घेतली की सरासरीत मधला वेगवान टप्पा दडून जातो. ती हरकत बरोबर निघाली. अंतिम अहवालात तीन टप्पे आले : पहिले १.७५ सेकंद त्वरण कमी, पुढचे २.२५ सेकंद गुरुत्वाकर्षणाइतकं, त्यानंतर पुन्हा कमी. एका शिक्षकाने सरकारी अहवाल दुरुस्त करायला लावला, हे वर्गात सांगण्यासारखं आहे.

आकडे आपसात जुळतात का ते मुलांकडून करून घ्या. पहिल्या टप्प्यात भिंत सुमारे २ मीटर खाली आली, दुसऱ्यात ३२ मीटर. ½ × ९.८ × २.२५² = २४.८ मीटर. ३२ मधून हे वजा केले की ७.२ उरतात. त्यांना २.२५ ने भागलं की ३.२ मीटर प्रति सेकंद येतात. म्हणजे दुसरा टप्पा सुरू होताना भिंत आधीच त्या वेगाने खाली येत होती. पहिल्या टप्प्यातल्या संथ सुरुवातीशी हे जुळतं.

स्वतः मोजायचं असेल तर ‘ट्रॅकर’ ही व्हिडिओवरून मोजमाप करणारी मोफत संगणक प्रणाली पुरते. स्टँडवर स्थिर ठेवलेल्या कॅमेऱ्याची, सेकंदाला ३० चित्रं असलेली क्लिप घ्या. हातात धरलेला कॅमेरा चालणार नाही. मोजपट्टी इमारतीवरूनच घ्या : वरच्या मजल्यांची उंची प्रत्येकी सुमारे ३.९ मीटर धरा, आणि पाच-सहा मजले एकत्र मोजून भागा. कॅमेरा खालून वर पाहत असेल तर खालच्या आणि वरच्या मजल्यांची पट्टी वेगळी येते. ज्या पट्ट्यात छत प्रवास करतं तिथलीच वापरा.

मुलं चुकतात ती वेग काढताना. समजा एक पिक्सेल ०.३ मीटरचा आहे. लागोपाठच्या दोन चित्रांमधून वेग काढला तर एका पिक्सेलची चूक सेकंदाला ९ मीटरची होते आणि आलेख करवतीसारखा दिसतो. दर सहावं चित्र घेतलं की हीच चूक दीड मीटरवर येते. असे दहा-अकरा बिंदू घेऊन वेगाच्या आलेखावर एक सरळ रेषा बसवा. रेषेचा चढ म्हणजे त्वरण. त्यात पाऊण मीटर प्रति सेकंद² इकडेतिकडे धरा. उत्तर ९.८ च्या आसपास येईल. त्यातून ‘शून्य विरोध’ सिद्ध होत नाही. विरोध वजनाच्या मानाने मोजमापाच्या चुकीत लपेल इतका छोटा होता, एवढंच सिद्ध होतं.

आता विरोध कुठे गेला? पेंटहाऊस बुडाल्यानंतरच्या त्या सात सेकंदांत आतला सांगाडा बराचसा गेलेला होता. खाली आलेली भिंत म्हणजे एक पोकळ खोका होता. आठ मजल्यांच्या उंचीत बाजूचा आधार सुटलेला खांब एकदा दुमडला की त्याची वजन पेलण्याची शक्ती झपाट्याने घसरते, आणि वाकणं जितकं वाढतं तितकी आणखी घसरते. तो टप्पा आठ मजल्यांच्या उंचीइतकाच टिकला आणि पुढे विरोध परत आला, हेही या चित्राशी जुळतं.

पण ‘जुळतं’ आणि ‘दाखवून दिलं’ यात फरक आहे. निस्टच्या संगणकीय मॉडेलमधली भिंत खाली येताना चांगलीच चुरगळते. खऱ्या व्हिडिओत ती बरीच ताठ दिसते. सुरुवातीच्या घटनांचा क्रम मॉडेलने पकडला, शेवटच्या सेकंदांचं रूप नाही. टीकाकार इथे बोट ठेवतात आणि त्यांचं चुकत नाही.

प्रश्न : नोएडाचे जुळे टॉवर पडताना टीव्हीवर पाहिले. सात नंबरची इमारत हुबेहूब तशीच पडते. डोळ्यांना दिसतं त्यावर विश्वास ठेवू नये का? (वि. पा., ठाणे)

उत्तर : खालचे आधार एकदम गेले की कुठलीही उंच इमारत साधारण सरळ खालीच येते, कारण तिला बाजूला ढकलेल इतकं मोठं बळ कुठून येणार? म्हणून पडण्याच्या नुसत्या रूपावरून कारण ओळखता येत नाही. कारण शोधायचं असेल तर पडण्याआधीची तयारी पाहावी लागते.

नोएडाचं उदाहरण चांगलं आहे. २८ ऑगस्ट २०२२ ला पाडलेल्या त्या दोन आरसीसी इमारतींत सुमारे ३७०० किलो स्फोटकं वापरली गेली. काम मुंबईच्या एडिफिस इंजिनीअरिंगचं होतं आणि सोबत दक्षिण आफ्रिकेची कंपनी होती. खांबांना ९६०० च्या आसपास भोकं पाडली, काही भिंती आधीच काढून टाकल्या, स्फोटाच्या मजल्यांवर खांबांना जाळी आणि जिओटेक्स्टाइलचं कापड गुंडाळलं.

पोलादी इमारतीत भोकं पाडून भागत नाही. खांब उघडा करावा लागतो, लेप खरवडावा लागतो, बऱ्याचदा खांब गॅसने अर्धा कापून ठेवावा लागतो आणि मग पोलाद कापणारे आकारबद्ध चार्ज, म्हणजे स्फोटकांचे साचेबद्ध तुकडे, दोन्ही बाजूंनी बांधावे लागतात. डेट्रॉइटमधली हडसन डिपार्टमेंट स्टोअरची इमारत १९९८ मध्ये पाडली, तेव्हा १२ जणांच्या तुकडीला फक्त चार्ज बसवायला २४ दिवस लागले : ११०० जागी ४११८ चार्ज, एकूण १२०० किलोंच्या वर. आणि ती इमारत रिकामी होती.

सात नंबरमध्ये सगळे ८२ खांब आठ मजल्यांवर उडवायचे म्हटले तर ६५६ जागा होतात. तेही भरलेल्या ऑफिसांत, आतल्या खांबांभोवतीचं आवरण काढून आणि परत लावून. त्यानंतर तारा आणि चार्ज सात तास आगीत टिकायला हवेत. आवाजाचं तर झाकताच येत नाही : एकच महत्त्वाचा खांब कापणाऱ्या चार्जचा आवाज निस्टच्या हिशोबाने ८०० मीटरवरही १३० ते १४० डेसिबल आला असता. पडतानाच्या एकाही ध्वनिमुद्रणात असा कडकडाट नाही. आत अडकलेल्या एका सरकारी कर्मचाऱ्याने स्फोट ऐकल्याचं सांगितलं होतं, पण तो सकाळचा अनुभव होता, संध्याकाळी ५ वाजून २० मिनिटांचा नाही.

‘अगदी स्वतःच्या पायावर पडली’ हेही खरं नाही. उत्तरेकडच्या एका कॉलेजच्या फिटरमन हॉल या इमारतीचं इतकं नुकसान झालं की पुढे ती इमारत पाडावी लागली. शेजारच्या व्हेरायझनच्या इमारतीलाही मोठा मार बसला. पैसे घेऊन काम करणाऱ्या कंत्राटदाराकडून असं झालं असतं तर बिल निघालं नसतं.

प्रश्न : बीबीसीने पडायच्या आधीच बातमी दिली. मालकाने ‘पुल इट’ म्हटलं. आणखी काय पुरावा हवा? (नाव नको, औरंगाबाद)

उत्तर : बीबीसीच्या बातमीदार वीसेक मिनिटं आधी ‘इमारत पडली’ म्हणाल्या आणि इमारत त्यांच्या मागेच उभी होती. हे घडलं, रेकॉर्डवर आहे. पण दुपारपासूनच अग्निशमन दलाने इमारतीभोवतीचा परिसर रिकामा केला होता, कारण नैऋत्य कोपऱ्यात १० ते १३ मजल्यांच्या दरम्यान भिंतीला फुगवटा आला होता. ‘पडणार’ची बातमी वृत्तसंस्थेत ‘पडली’ झाली आणि नंतर मागे घेतली गेली. कट करणारा माणूस आधी वृत्तवाहिनीला वेळापत्रक कळवेल, हे मानायला जास्त श्रद्धा लागते.

इमारतीचे मालक लॅरी सिल्व्हरस्टाइन यांचं ‘पुल इट’ (शब्दशः ‘ओढा’) हे वाक्य २००२ च्या एका माहितीपटातलं आहे. २००५ मध्ये त्यांच्या प्रवक्त्याने सांगितलं की रोख इमारतीतल्या जवानांना बाहेर काढण्याकडे होता. वाक्य संदिग्ध आहे हे मान्य. मात्र पाडकामाच्या धंद्यात त्या शब्दाचा अर्थ केबल बांधून ओढून पाडणं असा होतो, स्फोट नव्हे. शेजारची सहा नंबरची मोडकी इमारत नंतर तशीच केबलने ओढली होती. एका शब्दावर एवढी मोठी इमारत उभी करू नये.

प्रश्न : धुळीत थर्माइट सापडलं असा शोधनिबंध आहे. शिवाय गंधकाने खाल्लेलं पोलादही सापडलं. (डॉ. स. मा., कोल्हापूर)

उत्तर : दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थर्माइट म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड आणि ॲल्युमिनियमची पूड, पेटवलं की पोलाद वितळवणारं मिश्रण. नील्स हॅरिट, स्टीव्हन जोन्स आणि इतरांचा २००९ चा निबंध धुळीतल्या लाल-करड्या कपच्यांबद्दल आहे. तो आपल्याला न विचारता छापला म्हणून त्या नियतकालिकाच्या मुख्य संपादकांनी राजीनामा दिला. त्यावरून निबंध चूक ठरत नाही. पण जेम्स मिलेट यांनी २०१२ मध्ये अशाच कपच्या तपासल्या तेव्हा इपॉक्सी (एक प्रकारची राळ), केओलिन (पांढरी माती) आणि लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे गंजरोधक रंगाचे घटक मिळाले; सुटं ॲल्युमिनियम मिळालं नाही. निर्णायक चाचणी तीच आहे. केओलिनमध्येही ॲल्युमिनियम असतं, पण ते सिलिकेटमध्ये बांधलेलं. नुसतं ‘ॲल्युमिनियम सापडलं’ म्हणून काही सिद्ध होत नाही, ते धातूच्या रूपात आहे का हे पाहावं लागतं. आणि प्रमाण? फुटाला हजार पाउंड वजनाच्या खांबासाठी निस्टने किमान १०० पाउंड, म्हणजे ४५ किलो थर्माइटचा अंदाज दिला आहे. शिवाय ते पेटल्यावर उभ्या पृष्ठभागाला चिकटून राहायला हवं, आणि वितळलेलं लोखंड तर खाली ओघळतं.

गंधकाची गोष्ट जास्त गंभीर आहे. मे २००२ च्या फेमा या अमेरिकी सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या अहवालाच्या परिशिष्टात वूस्टर पॉलिटेक्निकच्या तज्ज्ञांनी सात नंबरचा म्हणून आलेला एक तुकडा तपासला. त्यात लोह-ऑक्साइड आणि लोह-सल्फाइडचं मिश्रण सुमारे १००० अंशांना वितळून पोलाद कुरतडलं गेलं होतं. गंधक जिप्समच्या पार्टिशनमधून आलं असू शकतं, आणि ढिगारा नंतर कित्येक आठवडे धुमसत होता. त्यामुळे ते पडण्यापूर्वी झालं की ढिगाऱ्यात, हे त्या एका तुकड्यावरून सांगता येत नाही. परिशिष्टाने पुढे अभ्यास करा असं सुचवलं होतं. निस्टने मात्र सात नंबरचं ओळखता येईल असं पोलाद जपलंच गेलं नाही असं म्हटलं. पोलादाचे भंगारात गेलेले खांब हा या सगळ्या तपासातला सर्वांत मोठा गलथानपणा आहे, आणि संशयाला खतपाणी त्यानेच घातलं.

प्रश्न : मी न्यू जर्सीत स्ट्रक्चरल डिझाइन करतो. कट वगैरे बाजूला ठेवा. ७९ क्रमांकाच्या बैठकीवरून गर्डर सरकण्याचं गणित मला बसत नाही. (प्र. शि., एडिसन)

उत्तर : आम्हालाही ते गुळगुळीत वाटत नाही.

१६ मीटरचा बीम २० वरून ४०० अंशांवर गेला आणि प्रसरण गुणांक ०.००००१४ धरला तर : १६,००० × ०.००००१४ × ३८० = ८५ मिलिमीटर. ६०० अंशांवर हाच आकडा १३० होतो. अहवालात गर्डरचा मधला पत्रा बैठकीच्या कडेबाहेर जायला ५.५ इंच, म्हणजे १४० मिलिमीटर, सरकणं पुरेसं आहे असं होतं. टीकाकारांनी मूळ फॅब्रिकेशन ड्रॉइंग मिळवली तेव्हा बैठक ११ नव्हे, १२ इंच रुंद निघाली. २०१२ मध्ये निस्टने शुद्धिपत्र काढून तो आकडा ६.२५ इंच केला. म्हणजे १५९ मिलिमीटर. नुसत्या लांबण्याने एवढं अंतर कापलं जात नाही, आणि ६०० अंशांवरचा बीम ताठ ढकलत राहण्याऐवजी खाली झोलतो.

दुसरी हरकत गर्डरच्या टोकाला असलेल्या ताठपट्ट्यांची, म्हणजे स्टिफनर प्लेटची. त्या मॉडेलमध्ये नव्हत्या. निस्टचं उत्तर असं, की त्या मधला पत्रा चुरडू नये म्हणून असतात आणि विश्लेषणात पत्रा चुरडलाच नव्हता. टीकाकार म्हणतात, पट्ट्यांमुळे खालचा फ्लँजही, म्हणजे गर्डरची तळाची आडवी पट्टीही, ताठ होतो, मग पत्रा कडेबाहेर गेला तरी गर्डर टेकून राहील. या मुद्द्यावर आम्हाला टीकाकारांचं म्हणणं जास्त पटतं.

पण यातून ‘म्हणून स्फोट’ इथपर्यंत उडी मारता येत नाही. मधे बऱ्याच शक्यता आहेत. नव्वदच्या दशकात इंग्लंडमधल्या कार्डिंग्टन इथे आठ मजली पोलादी सांगाड्यावर प्रत्यक्ष आगीच्या चाचण्या झाल्या. लेप नसलेले बीम १००० अंशांच्या वर जाऊनही सांगाडा उभा राहिला. पण थंड होताना बीम आखडले आणि जोडांचे बोल्ट व प्लेट तुटल्या. सरकणारी आग पुढे गेल्यावर मागचे बीम थंड होऊन आखडतात. १२व्या मजल्याची ईशान्येकडची आग पडण्याच्या बरीच आधी ओसरली होती, असं टीकाकार छायाचित्रांवरून म्हणतात. ते खरं असेल तर थंड होतानाचं अपयश अधिक संभाव्य होतं, कमी नाही. आमच्या मते निस्टचं ‘आग आणि ७९ क्रमांकाचा परिसर’ हे बरोबर असावं. ‘१३वा मजला, पश्चिमेकडे ढकललं’ हा तपशील मात्र निकालात निघालेला नाही.

खरी तक्रार वेगळ्या गोष्टीची करायला हवी. मॉडेलमधली काही माहिती, विशेषतः जोडांच्या अपयशाचे हिशोब, माहितीच्या अधिकाराखाली एका स्ट्रक्चरल इंजिनियरने मागितली तेव्हा निस्टच्या संचालकांनी २००९ मध्ये सार्वजनिक सुरक्षिततेचं कारण देऊन नकार दिला. ज्या विश्लेषणावरून बांधकामाचे नियम बदलतात ते दुसऱ्या कोणाला पुन्हा चालवता येत नसेल तर त्याला तपासणी म्हणत नाहीत.

प्रश्न : अलास्का विद्यापीठाने चार वर्षं अभ्यास करून आग नाकारली, हे खरं का? (ग. वा., जळगाव)

उत्तर : खरं आहे. लेरॉय हल्सी आणि दोन सहकाऱ्यांचा अंतिम अहवाल मार्च २०२० मध्ये आला. निष्कर्ष असा : सर्व खांब जवळजवळ एकाच वेळी निकामी झाले. पैसा ‘आर्किटेक्ट्स अँड इंजिनियर्स फॉर नाइन इलेव्हन ट्रुथ’ या संशय घेणाऱ्या संघटनेचा होता. त्यावरून अहवाल बाद होत नाही, जसा सरकारी पैशावरून निस्टचा होत नाही. बैठक आणि स्टिफनरवरचं त्यांचं काम वाचण्याजोगं आहे. पण ‘सगळे खांब काढले की इमारत व्हिडिओसारखी पडते’ हे दाखवणं सोपं आहे. ते खांब कशाने गेले हे त्यात नाही. आणि पेंटहाऊस सात सेकंद आधी का बुडालं, याचं त्यांचं उत्तर फार कमकुवत आहे.

प्रश्न : अशी दुसरी इमारत जगात पडली आहे का? नसेल तर संशय घ्यायला जागा आहेच. (सौ. के. नि., बेळगाव)

उत्तर : तेहरानची १७ मजली प्लास्को इमारत १९ जानेवारी २०१७ रोजी आगीने पूर्ण कोसळली आणि अग्निशमन दलाचे जवान त्यात गेले. माद्रिदच्या विंडसर टॉवरचा वरचा पोलादी भाग २००५ मध्ये पडला, काँक्रीटचा गाभा राहिला. फिलाडेल्फियाची वन मेरिडियन प्लाझा १९९१ मध्ये १९ तास जळूनही पडली नाही. ती आग ३०व्या मजल्यावर स्प्रिंकलरनी थांबवली होती. २००१ पूर्वी आगीने पूर्ण पडलेली उंच पोलादी इमारत नव्हती, म्हणून फेमाने २००२ मध्ये आपल्याच तर्काची संभाव्यता कमी आहे असं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. त्या तर्कात जनरेटरचं डिझेल मुख्य होतं. निस्टने पुढे डिझेल बाद केलं.

प्रश्न : तपासाचे प्रमुख भारतीय होते ना? (इ. शे., मालेगाव)

उत्तर : हो, श्याम सुंदर. आयआयटी दिल्लीचे पदवीधर, डॉक्टरेट एमआयटीची.

प्रश्न : आम्ही मुंबईत ३२व्या मजल्यावर राहतो. आमच्या टॉवरचं असं होईल का? (शु. सा., लोअर परळ)

उत्तर : तुमचा टॉवर बहुधा आरसीसी (सळईचं काँक्रीट) आणि शिअर वॉलचा, म्हणजे भार घेणाऱ्या काँक्रीटच्या भिंतींचा, असेल. १६ मीटरचे पोलादी बीम एका बाजूने गर्डरला ढकलताहेत, ही रचना निवासी टॉवरमध्ये नसते. काँक्रीटमध्ये सळईवरचं आवरण तिचं आगीपासून रक्षण करतं. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे खांबाला ते ४० मिलिमीटर लागतं. पार्किंगमध्ये पोपडे निघून सळ्या दिसत असतील तर गंजाबरोबरच अग्निरोधही गेला असं समजा. नुसतं प्लास्टर मारून तो परत येत नाही. सैल काँक्रीट काढून, सळई घासून, पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीटने जाडी भरावी लागते.

सात नंबरशी तुमचा खरा संबंध पाण्याचा आहे. आपल्याकडे अग्निशमनासाठी जमिनीखालची आणि गच्चीवरची टाकी स्वतंत्र असते, म्हणून रस्त्यावरची वाहिनी फुटली तरी पाणी मिळतं. पंप चालला तर. पंपरूममध्ये जाऊन पाहा : पॅनेलचा स्विच ‘ऑटो’वर आहे का? पंप वारंवार सुरू होतो म्हणून वॉचमन तो ‘मॅन्युअल’वर टाकतो, हा सर्वांत नेहमीचा घोळ. वारंवार सुरू होण्याचं कारण बहुतेकदा गळका नॉन-रिटर्न व्हॉल्व (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) असतो, तो बदला. डिझेल पंपाची बॅटरी आठवड्यातून एकदा पंप सुरू करूनच तपासा, दिवा बघून नाही. स्प्रिंकलरच्या राइजरवरचे (उभ्या पाइपवरचे) व्हॉल्व उघडे ठेवून साखळीने बांधा. फ्लॅटचं इंटिरियर करणारे ते बंद करतात आणि उघडायला विसरतात. सर्वांत वरच्या मजल्याचा हायड्रंट उघडून दाब मोजा, तळमजल्यावरचा दाब नेहमी छानच येतो.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीचं ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. सोसायटीच्या सभेत ते कागद नुसते दाखवू नका म्हणा, तपासणीच्या दिवशी पंप कोणासमोर चालवला ते विचारा.